सापडत नाही की सुचत नाही? छोट्या एस्केप गेमविषयीच्या एका प्रश्नाचे उत्तर

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. तुम्ही एका खोलीचा, पंधरा-वीस मिनिटांत संपावा असा पॉइंट-अँड-क्लिक एस्केप गेम, म्हणजे चित्रातल्या वस्तूंवर टिचकी मारत बंद खोलीतून सुटायचा खेळ, तयार केला आणि बारा ओळखीच्या माणसांना खेळायला दिला. पाच जणांनी तो मध्येच सोडला, चौघांनी फोन करून उत्तर विचारले आणि ज्या तिघांनी पूर्ण केला ते ‘छान आहे, पण लगेच संपला’ असे म्हणाले. बहुतेक जण सतरंजीच्या कोपऱ्याखालच्या किल्लीपाशी अडकले, हेही तुम्ही लिहिले आहे. अशा छोट्या गेमची बलस्थाने आणि उणिवा नेमक्या कोणत्या, आणि आता गेम तीन खोल्यांचा करावा का, असे तुम्ही विचारता.

या प्रश्नात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र झाल्या आहेत, असे मला वाटते. ‘लगेच संपला’ ही तक्रार लांबीची वाटते, पण ज्या नऊ जणांना गेम संपवताच आला नाही त्यांची तक्रार लांबीची असूच शकत नाही. तीन खोल्या केल्यात तर पाच जण सोडून जाण्याच्या जागा तिप्पट होतील, एवढेच. म्हणून आधी त्या नऊ जणांचा विचार करू आणि लांबीकडे नंतर येऊ.

मी गेली तेरा-चौदा वर्षे अशा प्रकारचे गेम रचते आहे. सुरुवात फ्लॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारे गेम करण्याच्या जुन्या साधनात, केली, पुढे काही वर्षे एका कंपनीसाठी मोबाइलवरची कोडी तयार केली आणि आता स्वतंत्रपणे काम करते. लोक खेळत असताना त्यांच्या मागे गप्प उभे राहून पाहणे हा या कामाचा मोठा भाग आहे, आणि त्यातून मला एकच कसोटी खरोखर उपयोगी वाटत आली आहे. अडकलेला माणूस दोनच प्रकारचा असतो. एकाला पुढचे सापडत नसते, दुसऱ्याला सुचत नसते. ज्याला सुचत नसते त्याच्या हातात सगळे दुवे असतात. तो खुर्चीत मागे रेलतो, छताकडे पाहतो, कागदावर काहीतरी लिहितो, आणि तो अडकलेला असला तरी खेळतच असतो. ज्याला सापडत नसते तो पडद्यावर ओळीने, डावीकडून उजवीकडे, केर काढल्यासारखा टॅप करत सुटतो, आणि त्याचे खेळणे संपलेले असते. तुमची सतरंजीखालची किल्ली या ‘सापडत नाही’ प्रकारात मोडते.

आता बलस्थानांविषयी. छोट्या एस्केप गेमचे सर्वांत मोठे बळ हे की संपूर्ण खोली खेळणाऱ्याच्या डोक्यात मावते. चार भिंती, दहा-बारा जवळून पाहण्याच्या जागा आणि पाच-सहा वस्तू एवढा पसारा माणूस कागदाशिवाय लक्षात ठेवू शकतो. म्हणूनच घड्याळाचे काटे विशिष्ट वेळी थांबलेले आहेत हे तो पाहतो आणि दहा मिनिटांनंतर दुसऱ्या भिंतीवरचे कुलूप समोर आल्यावर त्याला एकदम ते घड्याळ आठवते. हा जो क्षण आहे, ज्यात दोन लांबच्या गोष्टी जुळतात आणि त्या जुळण्याचे श्रेय पूर्णपणे खेळणाऱ्याचे असते, तो मोठ्या गेममध्ये मिळवणे फार अवघड असते, कारण तिथे घड्याळ पाहून दोन दिवस झालेले असतात. दुसरे बळ असे की नियम शिकवावे लागत नाहीत. दार बंद आहे, बाहेर पडायचे आहे. माझ्या आईलाही हे समजावून सांगावे लागले नाही, आणि तिने त्यापूर्वी पत्त्यांपलीकडे कोणताही खेळ फोनवर खेळलेला नव्हता.

या प्रकाराचा इतिहासही हेच सांगतो. १९९३ साली आलेला ‘मिस्ट’ हा मिलर बंधूंचा गेम स्थिर चित्रांवर उभा होता. तो मूळ अ‍ॅपलच्या हायपरकार्ड या साधनात, म्हणजे जवळजवळ स्लाइड्सच्या संचासारखा, बांधला गेला. तो मोठा आणि खर्चिक होता, पण स्थिर चित्रे आणि टिचकी एवढ्यावर एक जग उभे राहू शकते हे त्याने दाखवले. २००४ साली तोशिमित्सू ताकागी यांचा ‘क्रिम्झन रूम’ हा जपानी फ्लॅश गेम आला आणि एका लाल खोलीत कोंडलेल्या माणसाची ही कल्पना ब्राउझरमधून जगभर पसरली. त्यानंतर जपानमध्ये एकट्याने किंवा दोघांनी मिळून केलेल्या अशा गेमची रांगच लागली. अनेकांना वाटते की शहरांतल्या पैसे देऊन खेळायच्या एस्केप रूम आधी आल्या आणि त्यांची नक्कल म्हणून हे गेम झाले. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. क्योटोमध्ये ‘स्क्रॅप’ या कंपनीच्या ताकाओ काटो यांनी २००७ साली खऱ्या जागेतला पहिला खेळ भरवला तो संगणकावरच्या या खोल्यांवरून स्फूर्ती घेऊन. एका माणसाने घरी बसून काढलेल्या चित्रांतून साठ मिनिटांचा, गटाने खेळायचा, भाड्याच्या जागेतला व्यवसाय उभा राहिला, यावरून मूळ कल्पनेत किती दम होता ते कळते.

एकट्या माणसाला पूर्ण करता येणे हे तिसरे बळ आहे आणि तुमच्यासारख्या नवख्या रचनाकाराच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. यात चालणारी पात्रे नसतात, शत्रू नसतात, संवाद नसले तरी चालते. मात्र ‘चारच भिंती, म्हणजे चारच चित्रे’ हा हिशेब फसवा असतो. खण बंद, खण उघडा, खण उघडा पण वस्तू काढून घेतलेली, अशा तीन अवस्था एका खणाच्या. तो खण ज्या भिंतीच्या चित्रात लांबून दिसतो तिथेही त्या तिन्ही दिसायला हव्यात. मी सगळी अवस्थांतरे वेगळ्या थरांवर काढते आणि कोणता थर कधी दिसेल त्याचा तक्ता चित्रे काढण्यापूर्वीच लिहून ठेवते. हा तक्ता नसेल तर शेवटी असे होते की खेळणाऱ्याने दिवा विझवल्यावर, आधीच काढून घेतलेला स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा टेबलावर दिसू लागतो. माझ्या दुसऱ्याच गेममध्ये हे झाले होते, आणि एका खेळणाऱ्याने त्यालाच कोडे समजून दिवा वीस वेळा लावला-विझवला.

ही झाली बाजू भक्कम असण्याची. उणिवा मात्र बाहेरून आलेल्या नाहीत. त्या याच लहानपणातून निघतात, आणि म्हणून त्या औषध लावून जात नाहीत, सांभाळाव्या लागतात.

पहिली उणीव लपवण्याच्या मोहाची आहे. खोली लहान असल्यामुळे सगळे एका दृष्टिक्षेपात दिसते, मग गेम पाच मिनिटांत संपेल अशी भीती रचनाकाराला वाटते आणि तो वस्तू लपवू लागतो. पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीत, चित्राच्या चौकटीच्या वरच्या कडेवर, सतरंजीच्या त्या एका कोपऱ्याखाली. यालाच खेळणारे वैतागून पिक्सेल हंटिंग म्हणतात. संगणकावर निदान माउसचा बाण हाताच्या पंजात बदलून ‘इथे काहीतरी आहे’ असे सुचवू शकत असे. फोनवर बाणच नसतो, बोट स्वतःच्या खालची जागा झाकून टाकते, आणि त्यामुळे पूर्वी त्रासदायक असलेली गोष्ट आता जवळजवळ अशक्य होते. अ‍ॅपलच्या मार्गदर्शक सूचनांत टॅप करण्याची जागा किमान ४४ पॉइंटांची आणि अँड्रॉइडच्या सूचनांत ४८ डीपींची (ही दोन्ही पडद्यावरच्या मापाची एकके) असावी असे म्हटले आहे. या सूचना बटणांसाठी आहेत हे खरे, पण तुमच्या सतरंजीचा कोपराही खेळणाऱ्याच्या बोटाच्या दृष्टीने बटणच आहे. तुम्ही पाठवलेल्या चित्रात तो कोपरा साधारण तांदळाच्या दाण्याएवढा आहे.

यावर माझा नियम असा की जागा लपवायची नाही, अर्थ लपवायचा. किल्ली सतरंजीखालीच ठेवायची असेल तर सतरंजीला एक उंचवटा दिसू द्या, किंवा भिंतीवरच्या जुन्या फोटोत तीच सतरंजी उलटी घातलेली दाखवा. उंचवटा दिसल्यावर सतरंजी उचलणे फार सोपे होईल असे तुम्हाला वाटेल. होऊ द्या. मग ती किल्ली कशाची आहे हा प्रश्न अवघड करा. तिच्या दांड्यावर जे नक्षीकाम आहे तेच फडताळाच्या एका कप्प्यावर असेल आणि त्या कप्प्याला किल्लीचे भोक नसून नक्षीचाच खोलगट ठसा असेल, तर खेळणाऱ्याला किल्लीकडे किल्ली म्हणून पाहणे सोडून द्यावे लागेल. इथे तो अडकेल, पण सुचत नाही म्हणून अडकेल.

दुसरी उणीव आकड्यांच्या कुलपांची आहे. हे कुलूप रचायला सर्वांत स्वस्त असते, म्हणून नवख्याच्या गेममध्ये ती चार-चार असतात. तुमच्यातही तीन आहेत. चार अंकी कुलपाच्या दहा हजार शक्यता असतात, ते कोणी टॅप करून उघडणार नाही. पण ज्या क्षणी चारही अंक सापडतात आणि फक्त त्यांचा क्रम ठरवायचा उरतो, त्या क्षणी शक्यता चोवीसच राहतात, आणि कोणताही शहाणा माणूस क्रमाचा दुवा शोधण्याऐवजी दोन-तीन मिनिटांत चोवीसही करून पाहतो. चार रंगांच्या बटणांच्या क्रमाचे कोडेही तसेच. खेळणाऱ्याने उत्तर असे ढकलून मिळवले की त्याला गेम फसवता आला याचा आनंद क्षणभर होतो. पुढे मात्र तो प्रत्येक कोडे ढकलूनच पाहतो, आणि तुम्ही क्रमासाठी मेहनतीने रचलेला दुवा न वापरलेला उरून पुढे त्याची दिशाभूल करत राहतो. न वापरलेला दुवा हा लहान खोलीत फार मोठा कचरा असतो, कारण इथे प्रत्येक वस्तूला काम आहे असा अलिखित करार असतो.

याच संदर्भात माझा एक फसलेला प्रयोग सांगते, कारण तो मराठीत गेम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेवर येणार आहे. एका वाड्यातल्या खोलीचा गेम मी केला होता. त्यात भिंतीवर दोन भावांच्या तसबिरी होत्या, दोघांनी एकमेकांकडे पाठ केलेली, आणि त्यांच्याखाली देवनागरी आकड्यांचे दोन चकत्यांचे कुलूप. दुसरा कोणताही दुवा नव्हता. मराठी माणसे त्या तसबिरींकडे पाहत, चकत्यांकडे पाहत, आणि हसून ३६ लावत. छत्तीसचा आकडा. खेळणारा हसत हसत उत्तर देतो असे कोडे मला आयुष्यात दोन-तीनदाच जमले आहे. (आरशात पाहिले तर ३६ हे जवळजवळ ३६च दिसते, हे मला ते कुलूप रंगवताना पहिल्यांदा लक्षात आले, पुढच्या एका गेममध्ये ते वापरलेही.) हिंदी भाषकांकडेही हा वाक्प्रचार असल्यामुळे तेही पार पडले. मग त्याच गेमची इंग्रजी आवृत्ती करताना मी फक्त मजकूर बदलला आणि तसबिरी तशाच ठेवल्या. इंग्रजीत खेळणाऱ्यांच्या दृष्टीने त्या भिंतीवर काहीच लिहिलेले नव्हते. दोन चकत्यांच्या शंभर शक्यता, त्यामुळे काहींनी शून्य-शून्यपासून सुरुवात करून ३६पर्यंत मजल मारली आणि ‘उत्तर बरोबर आले, पण का?’ असे मला लिहून विचारले.

ही चूक नवी नाही. १९९१ साली आलेल्या ‘मंकी आयलंड’ या साहसी गेमच्या दुसऱ्या भागात एक माकड पान्यासारखे वापरून नळ फिरवायचा असतो, हा अमेरिकी इंग्रजीतल्या पान्याच्या ‘मंकी रेंच’ या नावावरचा श्लेष आहे आणि ज्या इंग्रजांना ते नाव परिचयाचे नव्हते त्यांनाही तो कळला नाही, मग इतर भाषांची तर गोष्टच सोडा. भाषेत रुतलेले कोडे वाईट नसते. मराठी वाचकांसाठी मराठीत गेम करत असाल तर उखाणे, म्हणी, जोडाक्षरे, ‘एकोणतीस’सारखी उलट मोजणारी संख्यानावे हे तुमचे असे भांडवल आहे की जे जपानी किंवा डच रचनाकाराजवळ नाही, आणि ते वापरले जात नाही याचे मला वाईट वाटते. पण तो गेम कोणासाठी आहे हे आधी ठरवा आणि भाषांतर करायचे झाल्यास ते कोडे भाषांतरित न करता नवे रचा. मी शेवटी इंग्रजी आवृत्तीतून तसबिरी काढूनच टाकल्या.

तिसऱ्या उणिवेविषयी फार लिहीत नाही, कारण तिचे उत्तर सरळ आहे. लाल आणि हिरवा यांतला फरक न दिसणाऱ्या पुरुषांची संख्या तुम्हाला वाटते त्याहून जास्त आहे, आणि गाडीत किंवा ऑफिसात गेम खेळणारे लोक आवाज बंद ठेवतात. रंगावरच्या कोड्याला आकाराची आणि आवाजावरच्या कोड्याला हालचालीची जोड द्या. यात गेमचे काहीही बिघडत नाही.

आता तुमच्या बारा जणांपैकी ज्या चौघांनी फोन केला त्यांच्याकडे येते. छोट्या गेममध्ये मदत कशी द्यावी यावर खूप मतभेद आहेत. काही जण म्हणतात की हिंट दिली की खेळ संपला. माझा अनुभव वेगळा आहे. हिंट नसली की लोक इंटरनेटवर वॉकथ्रू, म्हणजे गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवून दाखवणारी माहिती, शोधतात, आणि वॉकथ्रूचा व्हिडिओ तुम्ही अडकलेल्या जागी थांबत नाही. तो पुढची तीन कोडीही दाखवून टाकतो. फायरप्रूफ गेम्सच्या २०१२च्या ‘द रूम’मध्ये हिंट टप्प्याटप्प्याने, थोडा वेळ गेल्यावर उघडत जाते, आणि ही पद्धत मला सर्वांत सभ्य वाटते. मी तीन पायऱ्या ठेवते: पहिली कुठे पाहायचे ते सांगते, दुसरी काय जुळवायचे ते, तिसरी उत्तर. पहिली पायरी ही सापडत नसलेल्या माणसासाठी असते, म्हणून ती मागताक्षणी आणि कुठलीही जाहिरात न दाखवता देते. दुसरीला आणि तिसरीला थोडे थांबायला लावते. प्रत्येक खेळणाऱ्याला वेगळे आकडे देऊन वॉकथ्रू निरुपयोगी करण्याची युक्ती काही जण करतात. मला ती आवडत नाही. त्यातून खेळणाऱ्यावर अविश्वास दिसतो, आणि दोघे मित्र फोनवर बोलत एकत्र खेळत असतील तर त्यांची गंमतही जाते.

हिंटपेक्षाही महत्त्वाची गोष्ट रचनेची आहे. तुमच्या वर्णनावरून तुमची आठही कोडी एकाच माळेत ओवलेली दिसतात: पहिले सुटल्याशिवाय दुसरे नाही, दुसऱ्याशिवाय तिसरे नाही. अशा गेममध्ये कोणत्याही एका जागी अडकणे म्हणजे पूर्ण गेम अडकणे. ‘मंकी आयलंड’चे रचनाकार रॉन गिल्बर्ट कोड्यांच्या अवलंबनाचा आराखडा काढण्याचा आग्रह धरतात, आणि तो छोट्या गेमलाही तितकाच लागू आहे. कागद घ्या, अगदी खाली ‘दार’ लिहा आणि उलटे वर चढा. दार उघडायला काय लागते? समजा एक किल्ली आणि एक शब्द. म्हणजे इथे दोन फांद्या फुटल्या. किल्लीसाठी काय लागते, शब्दासाठी काय लागते, असे करत वर गेलात की सुरुवातीला खेळणाऱ्यासमोर निदान दोन, शक्य असल्यास तीन कोडी एकाच वेळी उघडी असली पाहिजेत. एकाने दमवले तर तो दुसऱ्याकडे वळेल, आणि तिथे काम करत असताना पहिल्याचे उत्तर त्याला सुचेल. मध्यावर या फांद्या एकत्र आणा म्हणजे शेवट विखुरलेला वाटणार नाही. आठ कोड्यांसाठी हा आराखडा काढायला अर्धा तास लागतो. चित्रे पुन्हा काढायला दोन आठवडे लागतात, हे मी दोनदा करून पाहिले आहे.

इथवरचे एका दमात सांगायचे तर: नऊ जण अडकले ते खोली लहान होती म्हणून नव्हे, तर लहान खोली लांबवण्यासाठी तुम्ही वस्तू लपवल्या आणि सगळ्यांना एकाच रांगेत उभे केले म्हणून. उरले ते ‘लगेच संपला’ म्हणणारे तिघे.

त्यांच्या म्हणण्याचा अर्थ लावताना परिस्थिती पाहावी लागते, आणि इथे मी ठाम उत्तर देऊ शकत नाही. गेम विकत द्यायचा असेल तर पंधरा मिनिटे खरोखरच कमी पडतात, कारण हा प्रकार पुन्हा खेळला जात नाही. उत्तर एकदा कळले की खोली म्हणजे वाचून झालेले शब्दकोडे. फुकट देऊन मध्ये जाहिराती दाखवायच्या असतील तर लांबी वाढवण्याचा मोह आणखी वाढतो, आणि त्याचे नुकसानही तसेच होते: अर्ध्या मिनिटाची जाहिरात पाहून परत आलेल्या माणसाच्या डोक्यातून ते घड्याळाचे काटे गेलेले असतात. मी स्वतः जाहिरात फक्त खोलीतून बाहेर पडल्यावर दाखवते आणि त्यामुळे माझे उत्पन्न कमी होते. ज्याचे घर या कामावर चालते त्याने माझे अनुकरण करावे असे मी म्हणणार नाही. आणि तुम्ही हा गेम नोकरीसाठी कामाचा नमुना म्हणून करत असाल, तर पंधरा मिनिटे उत्तम. मुलाखत घेणारा त्याहून जास्त वेळ देत नाही.

पण बहुतेक वेळा ‘लगेच संपला’ म्हणजे ‘शेवट आलाय हे मला कळले नाही’ असा अर्थ असतो. शेवटचे कुलूप सातव्या कुलपासारखेच असेल आणि दार उघडताच ‘अभिनंदन’ एवढाच पडदा येत असेल, तर दोन तासांचा गेमही तुटल्यासारखा वाटेल. शेवटच्या कोड्याने खेळणाऱ्याला खोली पुन्हा एकदा पूर्ण फिरवून आणावी, आधी पाहिलेल्या गोष्टींचा दुसरा अर्थ दाखवावा. जपानी छोट्या गेममध्ये एक जुनी पद्धत आहे ती मला फार आवडते: दारातून बाहेर पडता येतेच, पण निघण्यापूर्वी खोलीत आणखी काही शोधले तर वेगळा, अधिक चांगला शेवट मिळतो. ज्याला घाई आहे तो जातो आणि ज्याला खोली आवडली आहे तो मागे रेंगाळतो. यासाठी एकही नवीन भिंत काढावी लागत नाही.

तरीही तुम्हाला मोठे काही करायचेच असेल, तर एका गेममध्ये तीन खोल्या करण्यापेक्षा तीन गेम करा. पोलंडच्या मातेउश स्कुतनिक यांनी २००५ साली ‘सबमशीन’चा एक लहानसा भाग केला आणि दहा वर्षे भाग जोडत जाऊन २०१५मध्ये दहावा भाग आणला. नेदरलँड्सच्या ‘रस्टी लेक’ने २०१५पासून ‘क्यूब एस्केप’ नावाच्या फुकट, छोट्या खोल्या एकामागून एक आणल्या. प्रत्येक खोली स्वतंत्रपणे खेळता येते आणि सगळ्या मिळून एक विचित्र कथा तयार होते. दोघांनीही खोलीची लांबी फारशी न ताणता खोल्यांमधले नाते वाढवले. समजा तुमची खोली आजोबांची आहे, तर तिथल्या एका फोटोतली बाई कोण, हे पुढच्या खोलीत कळू द्या. तिन्ही कोडीप्रेमी मित्र तुम्हाला स्वतःहून फोन करतील.

एक व्यावहारिक सावधगिरी त्याच अनुषंगाने. फ्लॅशला ३१ डिसेंबर २०२०नंतर आधार उरला नाही आणि त्यात केलेल्या हजारो छोट्या खोल्या एका रात्रीत ब्राउझरमधून बंद झाल्या. जुने फ्लॅश गेम चालवून दाखवणारा रफल हा एम्युलेटर आणि फ्लॅशपॉइंटसारखे संग्रह यांच्यामुळे पुष्कळ काही वाचले. माझे पहिले चार गेम मात्र वाचले नाहीत, कारण मूळ फाइली ज्या संगणकावर होत्या तो मी विकून टाकला होता. हे गेम लहान असतात, म्हणून त्यांची प्रत कोणी मुद्दाम ठेवत नाही. तुम्ही कोणतेही साधन वापरा, पण थरांसह मूळ चित्रे, अवस्थांचा तक्ता आणि आराखड्याचा तो कागद तीन ठिकाणी ठेवा.

आता पुढचे पाऊल. सतरंजीला उंचवटा दिसेल असे चित्र करा, आकड्यांच्या तीन कुलपांपैकी दोन बदला, माळ तोडून दोन फांद्या करा आणि गेम नव्या पाच माणसांना द्या. जुने बारा जण आता उपयोगाचे नाहीत, त्यांना किल्ली कुठे आहे ते माहीत आहे. नवी माणसे खेळत असताना त्यांच्याशी बोलू नका, मान डोलावू नका, ‘हं’सुद्धा म्हणू नका, फक्त ते कुठे थांबतात आणि थांबल्यावर त्यांचे बोट काय करते ते वहीत टिपा. बोट पडद्यावर भटकू लागले तर त्या जागेसमोर ‘सापडत नाही’ लिहा, बोट उचलून ते विचार करू लागले तर ‘सुचत नाही’ लिहा. पहिल्या प्रकारच्या नोंदी संपेपर्यंत गेम दुरुस्त करत राहा. दुसऱ्या प्रकारच्या तीन-चार नोंदी मात्र राहू द्या, आणि त्या जागा कोणत्या होत्या ते इथे जरूर लिहा, मला त्या वाचायला आवडतील.